लाकडाखालचा नंबर

झुलाल मिस्तरीनं हातावर ठेवलेला पेच हरवला, असं सांगणारा माणूस मला अख्ख्या शहाद्यात भेटलेला नाही. बंदूक असो, पिस्तूल असो की रिव्हॉल्वर, उघडायला घेतलं की निघालेला पहिला पेच तो समोर बसलेल्या माणसाच्या तळहातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "धरा. मूठ झाका." समोर कोण आहे ते तो बघत नसे. पाटील, वकील, जंगलखात्याचा रेंजर, एकदा तर दौऱ्यावर आलेला गोरा साहेब, सगळ्यांनी मूठ मिटून मुकाट बसायचं. काम संपेपर्यंत नाक खाजवायची सोय नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, बाबा रे, एखादी वाटी ठेवत जा की. तर म्हणाला, वाटी लवंडते, माणूस जपतो. शिवाय मूठ मिटलेला माणूस कामात मध्ये हात घालत नाही. हा दुसरा फायदा त्यानं मला फार उशिरा सांगितला.

तेव्हा नंदुरबार जिल्हा असा वेगळा नव्हता. आमचा सगळा भाग पश्चिम खानदेशात आणि जिल्ह्याचं ठाणं धुळं. मी नाशकाकडचा. शहाद्याच्या मामलेदार कचेरीत कारकून म्हणून आलो आणि माझ्या टेबलावर हत्यारांचे परवाने येऊन पडले. बंदूक मी तोवर फक्त शिपायाच्या खांद्यावर पाहिलेली. परवान्यात हत्याराचं वर्णन लिहावं लागे: कोणतं हत्यार, कुठली बनावट, नळी केवढी, नंबर काय. आधीच्या कारकुनानं जाताना सांगितलं, घाबरू नका, झुलाल मिस्तरी आहे, तो बोलेल ते लिहीत जा. सरकारी टेबल एका लोहाराच्या तोंडावर चालतं हे ऐकून माझं डोकंच फिरलं. मी पंचविशीतला, मॅट्रिक पास झालेला, आणि त्या मॅट्रिकचा मला भारी ताठा होता.

झुलाल धुळ्याच्या पोलिसी हत्यारखान्यात वीसेक वर्षं काढून आलेला. तिथं कुणी म्हातारा उस्ताद होता, त्याच्या हाताखाली शिकला. नोकरी सुटल्यावर शहाद्यात बाजाराच्या वाटेवर दुकान टाकलं. पुढं विळे, कोयते, कुदळी. मागं गोणपाटाच्या पडद्याआड बंदुका. माणूस ठेंगणा, अंगावर खाकी कोट, त्याची पोलिसी पितळी बटणं जाऊन तिथं शिंपल्याची साधी बटणं लावलेली. उजव्या हाताचा अंगठा घासून घासून चपटा झालेला. लिहिण्या-वाचण्यात शून्य. इंग्रजी आकडे मात्र नऊच्या नऊ ओळखायचा, आणि शून्य धरून दहा, असं स्वतःच हसून सांगायचा. इंग्रजी अक्षरं त्याला वाचता येत नव्हती पण चित्रासारखी पाठ होती. अमक्या कारखान्याचं तिसरं अक्षर सापासारखं वळतं, तमक्याच्या शेवटच्याला शेपूट असते, असं त्याचं चालायचं.

त्याच्या सवयी एकेक ऐकण्यासारख्या. हत्याराला हात लावण्यापूर्वी तो राखेनं हात धुवायचा आणि धोतराच्या सोग्याला नव्हे, वेगळ्या फडक्याला पुसायचा. काही माणसांचा हात खारा असतो, त्यांनी पोलादाला बोट लावलं की दुसऱ्या दिवशी तिथं गंज उगवतो, असं त्याचं ठाम मत. गावात खारे हात कुणाकुणाचे आहेत याची यादी त्याच्या तोंडपाठ होती. त्या यादीत आमचे मामलेदार होते, त्यामुळं मला ती आवडायची. मी तपकीर ओढायचो. ते त्याला अजिबात खपत नसे. मी डबी काढली की तो हत्यार फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवायचा आणि मी शिंकून मोकळा होईपर्यंत आढ्याकडे बघत बसायचा. मला त्याचा राग यायचा, आणि डबी परत खिशात जायची.

हत्यार हातात आलं की तो नाव बघायचा नाही, नळी बघायचा नाही. आधी पेचांची तोंडं बघायचा. पेचाची खाच स्वच्छ असेल तर आत कुणी गेलेलं नाही. खाच कुरतडलेली असेल तर कुणीतरी भलत्या हत्यारानं उघडलंय किंवा उघडायला बघितलंय, आणि मग आतलं काहीच खरं धरायचं नाही. त्याच्याकडे पंधरा-सोळा पेचकस होते, एकेका खाचेसाठी एकेक घासून बसवलेला. गावचा एक सोनार त्याला चिडवायचा की मिस्तरी, एवढ्या तर तुझ्या घरात चमचे नसतील. खरंच नव्हते.

वर्षअखेरीला परवाने नवे करून घ्यायचे असत. त्या दिवसांत कचेरीच्या ओट्यावर बंदुकांची रांग लागायची. डोंगरालगतच्या गावांतून ठासणीच्या, तापीकाठच्या गावांतून बारा बोअरच्या, आणि चार-दोन बड्या घरांतली रिव्हॉल्वरं. झुलाल सतरंजीवर बसायचा, मी खुर्चीवर. तो सांगायचा आणि मी लिहायचो. पहिल्या वर्षी मी त्याच्याशी तुटक बोललो. दुसऱ्या वर्षी सतरंजीवर उतरलो. तिथून नीट दिसतं म्हणून.

त्यानं मला निशाणाचं रिव्हॉल्वर ओळखायला शिकवलं. घरात बाळगायचं वेगळं आणि निशाणाच्या शर्यतीत चालवायचं वेगळं. निशाणाच्याची नळी लांब. पुढची माशी, म्हणजे नेम धरायचा नळीच्या टोकावरचा उंचवटा, बारीक, मण्यासारखी. मागची खाच बारक्या पेचांनी डावी-उजवी आणि वर-खाली सरकणारी. चापावर रेघा, बोट घसरू नये म्हणून. आणि दस्त्याची लाकडं मोठी, तळहात भरेल अशी, कधीकधी दस्त्याच्या बुडाखालीही उतरलेली. हे शेवटचं तो पुन्हा पुन्हा सांगायचा. खरा नंबर दस्त्याच्या बुडाला असतो आणि ही मोठी लाकडं त्याला झाकून टाकतात. लाकूड म्हणजे आंगरखा, म्हणायचा. आंगरखा काढल्याशिवाय अंगावरची खूण कशी दिसणार?

वयाचं त्याचं गणित तर मी अजून विसरलेलो नाही. अमेरिकन रिव्हॉल्वरांच्या नळीवर तारखांची ओळच्या ओळ असते. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हरखून गेलो. म्हटलं, चला, एवढं तर मला वाचता येतं, शेवटची तारीख ती याची जन्मतारीख. लिहायला टाक बुडवला. झुलालनं माझ्या वहीवर हात ठेवला.

"हाई तारीख बापनी शे, भाऊसाहेब. पोऱ्या कवय जलमना, ते आठे लिखेल नही."

मग समजावून सांगितलं. त्या तारखा म्हणजे कारखानदाराला त्या बनावटीचा हक्क, म्हणजे पेटंट, कधी मिळाला, त्याच्या. पुढं दहा-वीस वर्षं तीच ओळ प्रत्येक नळीवर उठत राहते. तेव्हा तारखेवरून एवढंच कळतं की हत्यार त्याच्या आधीचं नाही. नंतर किती, ते नंबरावरून, माशीच्या घडणीवरून, पेचांच्या जागेवरून काढायचं. बापाची जन्मतारीख वाचून पोराचं वय सांगू नये, बस्स. मी मॅट्रिक पास माणसानं टाक पुसून ठेवला.

कापसाच्या जीनचा एक मालक होता. त्यानं मुंबईहून अमेरिकन रिव्हॉल्वर आणलं आणि ओट्यावर दहा माणसांत फिरवलं. नळीवर नाव बरोबर, तारखा बरोबर. आम्ही सगळ्यांनी वाचलं, माना डोलावल्या. झुलालनं पेचांची तोंडं बघितली, मागच्या खाचेवर चपटा अंगठा दाबला आणि म्हणाला, हे सोंग आहे. शेठ लालबुंद झाला. झुलालनं शांतपणे एक पेच काढून त्याच्याच हातावर ठेवला, मूठ झाकायला लावली आणि दाखवलं: मागची खाच सरकतच नव्हती. सरकते असं वाटावं म्हणून नुसत्या रेघा कोरलेल्या आणि शोभेचा एक पेच बसवलेला, तोच शेठच्या मुठीत. नंतर भिंग लावून मी नाव पुन्हा वाचलं तर एक अक्षर वेगळं निघालं. युरोपात कुठंतरी केलेली नक्कल. आम्ही वाचणारे सगळे फसलो आणि ज्याला वाचता येत नव्हतं तो एकटा फसला नाही. शेठनं पुढं तीन महिने झुलालशी बोलणं टाकलं, मग चरखी अडकायला लागली तेव्हा घरी गडी पाठवून बोलावलं. चरखी म्हणजे काडतुसं बसतात ते फिरतं चाक. झुलाल गेला, नीट करून दिली, आणि सोंगाचं नावही काढलं नाही.

वर्षातून दोन-तीनदा तो डोंगरात जायचा. धडगाव, मोलगी, पार आतपर्यंत, पायी. पाठीवर पेचकसांची पिशवी. पिकं राखायला तिकडं ठासणीच्या बंदुका असत आणि खाली घेऊन येणं लोकांना परवडत नसे. एकदा त्यानं तिथली गोष्ट सांगितली. मोलगीच्या बाजारात पावरा जमातीचा एक माणूस आपल्या बापाची बंदूक घेऊन आला. बाप जाऊन बरीच वर्षं झालेली, बंदूक तेव्हापासून भिंतीला. म्हणाला, चाप बसलाय, बघ. झुलालचा नेम असा की ठासणीच्या बंदुकीत आधी गज घालून बघायचा. गज पूर्ण आत जायला हवा, तो चार बोटं वर राहिला. म्हणजे बंदूक भरलेली. बापानं शेवटची ठासली होती आणि उडवायच्या आधी गेला. इतकी वर्षं त्या भिंतीखाली पोरं निजत होती. झुलालनं दोन तास बसून ती हळूहळू रिकामी केली, दारू आणि छर्रे पळसाच्या पानावर काढून त्या माणसापुढं ठेवले. तो माणूस बराच वेळ पानाकडे बघत राहिला. मग पान बांधून घरी घेऊन गेला. बंदूक दुरुस्त करायची आहे हे विसरूनच गेला, झुलालला मागं धावत जाऊन ती द्यावी लागली. ही गोष्ट सांगताना झुलालचे डोळे भरून आले होते. तसा तो रडका माणूस नव्हता.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय झुलाल पुरता कळायचा नाही.

ब्राह्मणपुरीचे नरोत्तम पाटील म्हणजे सरळ माणूस. मोठी शेती, घरात पिढ्यान्‌पिढ्या पाटीलकी, आवाज कधी चढायचा नाही. जंगलखात्याच्या एका गोऱ्या साहेबाशी त्यांची मैत्री जमली. साहेब निशाणबाज. रविवारी गोमाई नदीच्या पात्रात ओळीनं लिंबं मांडून दोघं नेम धरायचे. साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा आपलं निशाणाचं रिव्हॉल्वर त्यानं पाटलांना देऊन टाकलं, रीतसर परवानगी काढून. साहेबाचा जुना परवाना धुळ्याचा. आमच्याकडे आलं ते वरून आलेलं चार ओळींचं पत्र: साहेबाचं एक अमेरिकन रिव्हॉल्वर पाटलांच्या नावे करून द्यावं. नंबर त्यात नव्हता. हत्यार बघून तो मी लिहायचा होता.

झुलाल त्या आठवड्यात डोंगरात. पाटील म्हणाले, काही घाई नाही, मिस्तरी आला की येतो. पण मला वाटलं, चार वर्षं मी या माणसाशेजारी बसलोय, मला काय येत नाही? हिरव्या मखमलीची पेटी उघडली. लांब नळी, मण्यासारखी माशी, सरकती खाच, बुडाखाली उतरलेली मोठी लाकडं. सगळं ओळखलं. नंबर लाकडाखाली हेही आठवलं. पेन्सिली तासायचा चाकू घेऊन दस्त्याच्या पेचाला लावला. पेच घट्ट होता. चाकू दोनदा घसरला. पाटील समोर बसलेले, मला लाज वाटायला लागली. मग चरखी बाहेर वळवली तर आतल्या बाजूला स्वच्छ तीन आकडे दिसले, ४१७. म्हटलं, हा काय नंबर. लिहिला, सही घेतली, पाटलांना चहा पाजून वाटेला लावलं. संध्याकाळी मी खुशीत होतो.

वर्षअखेर आली तोवर नवे फौजदार आलेले. माणूस कामसू. त्यांनी धुळ्याहून साहेबाचा जुना परवाना आणि खरेदीची पावती मागवली आणि पाटलांच्या परवान्याशी ताडून पाहिली. साहेबाच्या कागदावर नंबर पाच आकडी. आमच्या परवान्यावर तीन आकडी. पाटलांकडचं हत्यार तपासलं तर आत तीन आकडीच. शिवाय पावती सांगत होती की साहेबानं ते कोरं करकरीत घेतलं, आणि नळीवरची शेवटची तारीख त्याच्या पाच वर्षं आधीची. फौजदारांनी सरळ हिशेब मांडला: साहेबाचं रिव्हॉल्वर पाटलांनी दुसऱ्या कुणाला दिलं आणि त्याजागी कुठलं तरी जुनं, चोरटं आणून पेटीत ठेवलं. त्या दिवसांत सरकारला रिव्हॉल्वरचा फार धसका. पाटलांना ब्राह्मणपुरीहून आणून कच्च्या कैदेत बसवलं. पाटीलकी तर जाणार होतीच, तुरुंगही ठरल्यासारखा. त्यांची थोरली सून रोज डबा घेऊन गाडीनं यायची आणि कचेरीच्या कडुलिंबाखाली डोक्यावरचा पदर पुढं ओढून बसायची. मी खिडकीतून बघायचो. तोवर माझ्या मनात आलंच नव्हतं की यात माझा काही हात असेल. माणूस स्वतःला किती बनवतो बघा. मला फौजदारांचंच म्हणणं पटत होतं.

प्रांतसाहेबांनी चौकशी ठेवली. पाटलांना विचारलं, तुमचं काय म्हणणं? त्यांनी एवढंच सांगितलं.

"झुलालले दखाडा, सायेब. तो सांगी ते माले कबूल."

डाक बंगल्यावर टेबल मांडलेलं. प्रांतसाहेब, मामलेदार, फौजदार, एका बाजूला पाटील, चार दिवसांची दाढी वाढलेली. मी जबाब लिहायला. झुलाल आला आणि आधी राख मागितली. प्रांतसाहेबांना कळेना. शिपाई धावत स्वयंपाकघरातून राख घेऊन आला, झुलालनं ओट्यावर हात धुतले, फडक्याला पुसले, मग टेबलाशी आला. रिव्हॉल्वर उचललं. नेहमीप्रमाणे आधी पेचांची तोंडं.

दस्त्याच्या पेचापाशी तो थांबला. अंगठा त्यावरून फिरवला, पुन्हा फिरवला. मग त्यानं मान वर करून टेबलाकडे पाहिलं. माझी दौत, माझा टीपकागद, माझा पेन्सिली तासायचा चाकू. चाकूवर त्याची नजर क्षणभर थांबली आणि परत हत्यारावर गेली. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पण त्या क्षणी मला सगळं कळलं.

त्यानं पेचकस निवडला, पेच काढला आणि हात पुढं केला, माझ्यापुढं.

"धरा, भाऊसाहेब. मूठ झाका."

टाक खाली ठेवावा लागला. त्या पेचाच्या कडेला माझ्या चाकूनं उठवलेली कूस तळहाताला टोचत होती.

झुलालनं लाकडं उतरवली. दस्त्याच्या बुडाला पाच आकडे, स्वच्छ. फौजदारांनी धुळ्याचा कागद पुढं केला, प्रांतसाहेबांनी एकेक आकडा मोठ्यानं वाचला, पाचही जुळले. मग उजव्या लाकडाची आतली बाजू दाखवली. तिथं कारखान्यातल्या माणसानं शिसपेन्सिलीनं तोच नंबर लिहिलेला, म्हणजे लाकूडही याचंच. चरखीच्या पाठीवरचं वाळलेलं वंगण पुसलं, तिथंही तेच पाच आकडे. मग चरखी बाहेर वळवून ते तीन आकडे दाखवले. हा नंबर नव्हे, म्हणाला, कारखान्यात सुटे भाग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून केलेली खूण. कपड्यावर धोबी करतो तशी. धोब्याच्या खुणेवरून कुणी मालकाचं नाव सांगत नाही. आणि नळीवरची तारीख? ती बापाची, असं म्हणून त्यानं मला सांगितलेलं सगळं प्रांतसाहेबांना सांगितलं. पावती म्हणते तेव्हाच हे हत्यार घडलंय, फार तर त्याच्या दोन वर्षं आधी, माशी तशीच आहे. साहेबाचं रिव्हॉल्वर ते हेच.

पाटलांनी डोळे मिटून घेतले. प्रांतसाहेब बराच वेळ ते लाकूड न्याहाळत होते. मग त्यांनी विचारायचं ते विचारलं. मिस्तरी, मग परवान्यावर चुकीचा नंबर कसा पडला? दस्ता न उघडता कुणी लिहिला?

झुलाल फडक्यानं नळी पुसत होता. हात थांबवला नाही.

"बंदूकनं इचारा सायेब, सांगस. माणूसनं माले इचारू नका."

प्रांतसाहेबांचा चेहरा कडक झाला. झुलालनं माझं नाव घेतलं असतं तर मी त्याला शिव्या देऊन मनानं मोकळा झालो असतो. वाचवायला खोटं बोलला असता तर आयुष्यभर त्याच्यापुढं मान वर करता आली नसती. त्यानं दोन्हींतलं काही केलं नाही. पेच माझ्या मुठीतच होता. मी उठलो आणि म्हटलं, साहेब, मी लिहिला. मिस्तरी डोंगरात होता, मी थांबलो नाही. पेच निघाला नाही म्हणून आतला आकडा लिहिला. चाकूचे ओरखडे माझेच आहेत. हे सांगायला अर्धा मिनिटही लागलं नसेल.

पाटील त्याच दुपारी सुटले. लिंबाखालची सून उभी राहिली आणि पदराआडून रडली, ते मी पाहिलं, आणि मला फार लाज वाटली. माझी बढती अडली, सहा महिन्यांत नवापूरला बदली झाली. मला त्याचं काही म्हणणं नाही, कमीच झालं. पाटील स्वतः मला गाडीपर्यंत पोचवायला आले, हे मात्र जड गेलं. झुलालही आला होता. चाकूविषयी, नंबराविषयी एक शब्द नाही. त्या दिवशी बंगल्यात त्यानं फक्त सगळं परत जोडलं होतं, हात पुढं केला होता, मी मूठ उघडली होती, आणि माझ्या ओरखड्यांचा पेच दस्त्यात बसवण्यापूर्वी त्यानं पिशवीतून बारीक कानस काढून त्याची कूस साफ केली होती. प्रांतसाहेब उठून गेल्यावरही तो ते करतच बसला होता.

पुढं कितीतरी वर्षांनी मी अव्वल कारकून होऊन शहाद्याला परत आलो. परवान्यांच्या टेबलावर नवा कारकून होता, चुणचुणीत, जळगावकडचा. वर्षअखेरीला ओट्यावर रांग लागली तेव्हा मी सहज बाहेर येऊन मागच्या बाकावर बसलो. सतरंजीवर झुलाल. तोच खाकी कोट. डोळ्यांत मोतीबिंदू उतरून बुबुळं पांढुरकी झालेली, नातू हात धरून आणून बसवत असे. पण हात राखेनं धुतलेले, आणि अंगठा पेचांच्या तोंडांवरून तसाच फिरत होता. ती माझी आणि त्याची शेवटची भेट. उन्हाळ्यात तो गेला.

एक निशाणाचं रिव्हॉल्वर आलं होतं. झुलाल दुसऱ्या बंदुकीत गुंतलेला बघून नव्या कारकुनानं ते उचललं, चरखी बाहेर वळवली आणि आतला आकडा वाचत टाक बुडवला. चरखी फिरल्याचा आवाज झुलालच्या कानावर गेला असावा. त्यानं हात लांबवला आणि चाचपडत बरोबर वहीवर ठेवला.

आंगरखा काढा, म्हणाला. तो धोब्याचा आकडा आहे. याच ओट्यावर एकदा तो परवान्यावर चढला होता आणि एक भला माणूस चार दिवस कैदेत बसला होता.

कारकून हसून म्हणाला, कोण होता तो शहाणा लिहिणारा?

उगीच हाताला काहीतरी हवं म्हणून मी तपकिरीची डबी काढली, आणि शिंक आलीच. झुलालनं मान वळवली. पांढुरके डोळे माझ्या दिशेला आले आणि तिथंच राहिले. मग तो कारकुनाकडे वळला.

"लिखनारानी चूक नव्हती. मी डोंगरमा व्हतू. माले आठे ऱ्हावाले पाह्यजे व्हतं. चूक मन्ही."

मी उठलो. मिस्तरी, असं नाही, असं म्हणायला तोंड उघडलं. तोवर त्यानं दस्त्याचा पेच सोडवला होता. कारकून त्याच्या पुढ्यात बसलेला, तरी त्यानं हात लांब करून माझ्याकडे धरला. मला वाकावं लागलं.

"धरा, भाऊसाहेब. मूठ झाका."

मी सतरंजीवर त्याच्या शेजारी बसलो आणि मूठ झाकली. पेचाची खाच स्वच्छ होती. तो लाकडं उतरवून अंगठ्यानं आकडे सांगत होता, नवा कारकून लिहीत होता, आणि काम संपेपर्यंत मी मूठ उघडली नाही.